तेंडोलकरबाईंचे उपवास

माझ्या मेडिकलमध्ये शुगरची गोळी घ्यायला कोणी आलं की मी एक प्रश्न विचारतो आणि लोकांना तो आगाऊपणा वाटतो. "उपवास करता का?" परवा एक बाई चिडली. "तुम्हाला काय करायचंय हो? गोळ्या द्या ना." दिल्या. पण देण्याआधी तिचे वार विचारून घेतले, कुठला उपवास रात्री सोडते, कुठला दुसऱ्या दिवशी, ते विचारलं आणि म्हटलं, हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. ती पुटपुटत गेली. जाऊ दे. या धंद्यात तीस वर्षं झाली, लोकांच्या पुटपुटण्याचं मला काही वाटत नाही.

ही खोड मला तेंडोलकरबाईंमुळे लागली. बाईंना जाऊन दोन वर्षं होत आली. लालबागला आमचं दुकान आहे, त्याच्या मागच्या चाळीत आम्ही राहतो, तिथेच दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीला शिकवायच्या, आणि चौथीत मी त्यांच्या हाताखाली होतो. म्हणजे माझं पन्नाशीचं डोकं पांढरं झालं तरी त्यांच्यासाठी मी "गावकर"च. दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी असली तरी रस्त्यावरून आवाज यायचा, "गावकर, सरळ उभा राहा. पाठीला पोक येतंय." आणि मी सरळ उभा राहायचो. गिऱ्हाइकं हसायची.

बाई ठेंगण्या, सावळ्या, काटक. नऊवारी कधी नेसल्या नाहीत, पण पाचवारीसुद्धा अशी चापून नेसायच्या की कुठे लढाईला निघाल्यात असं वाटावं. बोलणं शाळेतलं, शुद्ध. राग आला की मात्र थेट मालवण. "माका शिकवतंस?" हे ऐकलं की समोरच्याने गप्प बसायचं, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. वर्गात त्या कागदावर गणित करू द्यायच्या नाहीत. "डोक्यात कर. कागद हरवतो, डोकं हरवत नाही." अडीच किलो साखरेच्या सव्वापट किती, हे आम्ही दहा वर्षांची पोरं घाम पुसत डोक्यात करायचो. मला अजून येतं. माझ्या मुलाला कॅल्क्युलेटर लागतो.

पण चाळीत बाईंचा मान होता तो पंचांगामुळे. त्यांच्या घरात भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. सगळ्या तिथ्या डोक्यात. "बाई, एकादशी कधी?" "बाई, यंदा संकष्टी मंगळवारी येते का हो?" जिन्यात, नळावर, मासळीवालीच्या टोपलीपाशी, कुठेही विचारा, उत्तर तयार. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता हेसुद्धा त्या आदल्या दिवशीच्या वेळेत मिनिटं मिळवून सांगायच्या, आणि मोबाईलशी ताडून बघणाऱ्या पोरांना चार-पाच मिनिटांच्या पलीकडे कधी चूक सापडली नाही. छापलेल्या कॅलेंडरवर त्यांचा विश्वास नव्हता. छापणारा झोपेत असू शकतो म्हणायच्या.

तिथ्या सांगणारी बाई त्या पाळणारच. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संकष्टी, विनायकी. श्रावणात शनिवार वाढायचा, नवरात्रात नऊच्या नऊ दिवस. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे, आणि मधल्या बाकीच्या दिवशी साधं जेवण. आता उपवास म्हणजे उपाशी राहणं, असा कोणाचा समज असेल तर तो बाहेरगावचा असणार. बाईंची साबुदाण्याची खिचडी मोकळी आणि तुपाने चकचकीत. शिवाय साखरेत घोळवलेले रताळ्याचे काप, बटाट्याची भाजी, दोन केळी, आणि संध्याकाळी चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. एकदा मी चेष्टेत म्हटलं, "बाई, एकादशी आणि दुप्पट खाशी." त्या दिवशी मला दहा मिनिटं मालवणी ऐकावी लागली. खिचडीची वाटी मात्र दुकानात आलीच.

साठीला टेकल्यावर बाईंना मधुमेह निघाला. त्यांनी तो एखादा नवीन धडा असावा तसा घेतला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या, चष्मा लावून ती माझ्यापुढे धरली. "हे कोंबडीचे पाय मला वाचता येत नाहीत. तू मराठीत लिहून दे. नेमकं लिही." मी गोळ्यांच्या प्रत्येक स्ट्रिपवर पेनाने ठळक लिहिलं: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. बाईंनी वाचलं, मान हलवली. "अक्षर सुधारलंय तुझं." एवढं कौतुक चौथीत कधी केलं नव्हतं.

त्यानंतर अकरा-बारा वर्षं हे चाललं. दर खेपेला महिन्याच्या गोळ्या, दर स्ट्रिपवर माझं अक्षर. आता खरं सांगायचं तर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तीस दिवसांच्या गोळ्या बाईंना अडतीस-चाळीस दिवस पुरायच्या. दुकानदाराला हे कळतं, कोण कधी येणार याची हाताला सवय असते. मला वाटलं, भाची आणून देत असेल थोड्या, किंवा दुसऱ्या मेडिकलमधून घेत असतील. विचारलं नाही. चौथीतल्या बाईंना "गोळ्या नीट घेता ना?" म्हणून विचारायचं धाडस नव्हतं असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे आळस होता.

मग तो गुरुवार आला. बाईंनी बुधवारी संध्याकाळी नळावर जाहीर केलं, "उद्या एकादशी." चाळीतल्या बायकांनी साबुदाणा भिजत घातला. आमच्या हिनेसुद्धा, म्हणजे माझ्या बायकोने, माधवीने. गुरुवारी सगळ्या मजल्यांवर खिचडी आणि वरीचा वास. माधवीने दुपारी सहज मोबाईल बघितला आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "अहो, आज दशमी आहे. एकादशी उद्या." मी म्हटलं, बाईंना सांग. ती म्हणाली, "तुम्ही सांगा." कोणीच सांगितलं नाही. शुक्रवारी, खऱ्या एकादशीला, अर्ध्या चाळीत बांगडे तळले गेले. वार माशाचा होता, आणि एकादशी तर काल झाली होती ना. बाईंनीही तळले. शिवाय बांगड्यांचा तिखट, दाट तिखला केला होता, आम्हाला वाटीभर पाठवला. माधवीने तो खाली मांजरीला घातला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मला हे तेव्हा गमतीचं वाटलं. दुकानात दोघातिघांना सांगून हसलोही. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पुढच्या सहा महिन्यांत हसण्यासारखं काही राहिलं नाही. बाई दुकानात यायच्या आणि कशाला आलो ते विसरायच्या. स्टोव्हवर दूध ठेवून जिन्यात उभ्या राहायच्या. एकदा मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. "वय झालं," सगळे म्हणायचे. चाळीत एक सोय असते, कुठल्याही गोष्टीला वय झालं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही. शेवटी एका सोमवारी दुपारी त्या गॅलरीत चक्कर येऊन पडल्या. आम्ही उचलून टॅक्सीत घातलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. बदलापूरहून भाची वैशाली धावत आली. वैशाली बँकेत असते, शांत मुलगी, मावशीसारखी अजिबात नाही.

डॉक्टरीण तरुण होती. रक्ताचा रिपोर्ट बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर भलतीच वर होती. तिने बाईंना विचारलं, "आजी, गोळ्या रोज घेता का?"

"रोज," बाई म्हणाल्या. "नेमाने."

वैशाली घरी कपडे आणायला गेली आणि येताना फरसाणाचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. कपाटात सापडला म्हणाली. डबा गोळ्यांनी भरलेला होता. अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप, वर्षानुवर्षांच्या, रबराने नीट बांधलेल्या. प्रत्येक स्ट्रिपवर माझं अक्षर.

"या काय आहेत, आजी?"

बाईंना प्रश्नच चुकीचा वाटला. "उपवासाच्या दिवसाच्या," त्या म्हणाल्या. "शिल्लक राहतात त्या. काही पुढच्या महिन्यात घेते, बाकीच्या इथे. जेवणानंतर घ्यायच्या असं लिहिलंय. फराळ म्हणजे जेवण नव्हे. जेवणच नाही तर जेवणानंतर कुठून येणार?" मग माझ्याकडे बोट. "यानेच लिहिलंय. विचारा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाईंचं गणित चोख होतं. सोमवारी, गुरुवारी रात्री उपवास सोडला की रात्रीची गोळी घ्यायची, सकाळची बाद. एकादशीला दोन्ही बाद. नवरात्रात नऊ दिवस बाद. आणि नेमके तेच दिवस साबुदाण्याचे, बटाट्याचे, रताळं-साखरेचे. बारा वर्षं त्यांनी माझा शब्द न् शब्द पाळला होता.

मी डॉक्टरणीला बाहेर गाठलं. विचारलं, यामुळेच का? डोकं यामुळेच गेलं? ती खोटं सांत्वन करणारी नव्हती, आणि उगाच दोष देणारीही नव्हती. म्हणाली, "फक्त यामुळे असं मी म्हणणार नाही. वय आहे, ब्लडप्रेशर आहे. पण साखर वर्षानुवर्षं अशी चढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यांतल्या होतात, किडनीतल्या होतात, तशा मेंदूतल्याही. स्कॅनमध्ये बारीक बारीक जागा दिसतायत, जिथे रक्त नीट पोचलेलं नाही. त्या परत येणार नाहीत. पण साखर ताब्यात आली तर उरलेलं डोकं थोडं उजळू शकतं. निदान लवकर जाणार नाही." मग जराशी हसली. "त्यांच्या माशांच्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. उपवासाचेच दिवस महाग पडले."

वैशालीने मावशीला बदलापूरला न्यायचं ठरवलं. तिचं चूक नव्हतं. दिवसभर ती ऑफिसात, पण घरी सांभाळायला कोणी पगारी ठेवता आलं असतं. बाईंनी मात्र पलंगाची दांडी धरली. "माका खंय नेऊ नको गो," म्हणाल्या, आणि त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता. "इथे काळोखातसुद्धा काडेपेटी हाताला लागते. तिथे मला माझं काही सापडायचं नाही." एवढं स्वच्छ वाक्य त्या महिन्यात त्या पहिल्यांदा बोलल्या असतील. बाईंना कळत होतं की त्या खोलीत त्यांचं जेवढं डोकं शिल्लक आहे, तेवढं दुसरीकडे नसेल.

मी मध्ये पडलो. का पडलो ते सांगायची गरज नाही. वैशालीला म्हटलं, तीन महिने दे. सकाळी मी, संध्याकाळी माधवी, गोळी आणि जेवण आमच्यासमोर. रिपोर्ट सुधारला नाही, किंवा त्यांनी खायला कुरकुर केली, तर घेऊन जा. डॉक्टरीण म्हणाली, चालेल. उपवास बंद, पथ्य लिहून देते. बाईंनीही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या.

बाई सकाळी नऊलाच जेवायच्या, शाळेच्या वेळेची सवय. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन वर गेलो. मुगाची उसळ, पालेभाजी, एक पोळी, मूठभर भात. बाई पाटावर बसल्या होत्या. "आज काय रे?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं सगळी चाळ त्यांना हेच विचारत होती.

"मंगळवार, बाई."

"मंगळवार कसला? एकादशी आहे." आणि डबा बाजूला सारला. किती सांगितलं, मोबाईल दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी. डोक्यातून सगळं पुसलं जात होतं, पण उपवास करायचा हे घट्ट राहिलं होतं. दुसऱ्या दिवशीही एकादशी. तिसऱ्या दिवशीही. गोळी रिकाम्या पोटी देता येत नव्हती, आणि बाई खात नव्हत्या.

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज काय रे?" आणि मी म्हणालो, "द्वादशी, बाई. पारणं आहे."

"मग उशीर का केलास?" म्हणाल्या आणि हात धुऊन बसल्या. द्वादशीला सकाळीच पारणं करायचं, आणि ते टाळायचं नाही. सगळं ताट पुसून खाल्लं. गोळी घेतली. मी रिकामा डबा उचलला आणि मागे न बघता जिना उतरलो. चौथीत यांच्यासमोर गृहपाठाचं खोटं बोललो होतो तेव्हाही मागे बघितलं नव्हतं.

मग तीन महिने रोज द्वादशी. माझ्या सांगण्यावरून माधवीही संध्याकाळी तेच सांगायची. मला खोटं बोलायचा कंटाळा आला नाही, पण सवयही झाली नाही. रोज जिना चढताना वाटायचं, आज पकडतील. आणि हळूहळू ती शक्यता वाढत होती, कारण बाई खरोखरच उजळायला लागल्या होत्या. मला पुन्हा "गावकर" म्हणायला लागल्या. दूध उतू जाईनासं झालं. एकदा माधवीला म्हणाल्या, "उसळीत गूळ घालू नकोस, मला बंद आहे ना." रिपोर्ट आला, साखर बरीच खाली होती. डॉक्टरीण खूश. वैशालीने फोनवर सांगितलं, "रविवारी येते. स्वतः बघते आणि ठरवते."

बाई त्यानंतर वर्षभर होत्या. नंतर थकल्या, बोलणं कमी झालं. पण मला बाई म्हणून, पूर्ण बाई म्हणून, शेवटच्या दिसल्या त्या रविवारी.

मी नऊला वर गेलो तर वैशाली आधीच आलेली. मी डबा उघडला, ताट वाढलं. बाई पाटावर बसल्या. "आज काय रे?"

"द्वादशी, बाई. पारणं."

वैशालीला हे काही ठाऊक नव्हतं. ती तिच्या शांत आवाजात म्हणाली, "द्वादशी कुठली? आज एकादशी आहे, मावशी. माझाच उपवास आहे. मी फक्त चहा घेईन."

माझा हात ताटावरच राहिला. बाईंनी आधी वैशालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्म्यातून, वर्गात बघायच्या तसं. त्या बघण्यात मला स्पष्ट दिसलं की त्यांचं गणित सुरू झालंय आणि ते बरोबर सुटतंय. आता ताट सारणार. आता म्हणणार, एकादशी आहे. आणि वैशाली म्हणणार, चला बदलापूरला.

"तुझं चुकलं," बाई वैशालीला म्हणाल्या. "आज द्वादशी आहे."

"अगं मावशी, मोबाईलमध्ये..."

"मोबाईल तुझा. पंचांग माझं. माका शिकवतंस?" आणि त्यांनी भाताचा घास कालवला.

वैशाली हसली. हसायलाच हवं होतं, मावशी पूर्वीसारखी भांडत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. बाई सावकाश जेवत होत्या. भात संपवला. ताटाकडे बघतच विचारलं, "एकादशीच आहे ना?"

खोटं बोलायला जीभ उचलेना. "हो, बाई."

"रोज द्वादशी सांगतोस?"

"तीन महिने झाले."

"जेवले नाही तर ती नेणार?"

"हो."

बाईंनी ताटाच्या कडेचं शीत बोटाने टिपलं. बाहेर वैशाली कोणालातरी सांगत होती, मावशी छान जेवतेय, राहू दे इथेच. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "अख्ख्या जन्मात एकादशीला भाताचं शीत पोटात गेलं नव्हतं," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. मग उजवा हात धुतला, पुसला आणि गोळीसाठी पुढे केला.

"हे उद्या माझ्या लक्षात राहायचं नाही, गावकर. उद्या विचारलं तरी द्वादशीच सांग."